ओटीतला गहू

"ह्यो माझा गहू न्हाई."

हे असं म्हनाले आन माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. कडेवर पोरगी, तव्यावर भाकरी, आन हे खाली घोंगडीवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात कापडाच्या लहान लहान पिशव्या ओळीनं मांडलेल्या. सत्तावीस नंबरच्या पिशवीची दोरी सोडून ह्येंनी तळहातावर दाने वतले हुते, आन त्या दान्यांकडं असं बघत हुते जसा काय हातावर इंगळ पडलाय.

"बघ की," मला म्हनाले. "ह्यो बघ. किरटा. सुकलेला. सत्तावीस असा नव्हता, सत्तावीस टपोरा हुता. तू बी बघितला हुतास न्हवं, काढला तवा?"

म्या बघितला हुता. चांगला बघितला हुता. म्हनून तर समदं झालं. भाकरी करपली, धूर झाला, पोरगी खोकाय लागली, मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत तशीच हुबी.

"मीच गाढव," हे म्हनाले. "भरताना म्याच अदलाबदल केली आसनार. परवा पेरनी. सर सोता प्लॉटवर येनार, सत्तावीस दाखवा म्हननार. आन मी काय दाखवू? गाढवच मी, नुसता गाढव!" आन सोताच्याच कपाळावर हात मारून घेतला. दोनदा मारला. आवाज आला.

त्याच येळेला बोलायला पायजे हुतं. "तुमी न्हाई, म्या केलं," एवढंच तर म्हनायचं हुतं. ते काय म्हनाय आलं न्हाई. हे उठले, पिशवी खिशात घातली, सायकल काढली. म्हनाले, "कॉलेजातलं कपाट उचकून येतो, कुठंतरी आसंल." भाकरी तशीच राह्यली. मी दारात. सायकल वळली तशी मी खालीच बसले.

आता पयल्यापासनं सांगते. माझं लिवनं असंच हाय, चौथीपातूर शाळा झाली, मग बापानं काढली. चुकलं तर समजून घ्या.

हे झाडाझुडपांच्या शास्त्रात एम.एस्सी. करत्यात. कॉलेजाच्या मागच्या वस्तीत आमची एक खोली हाय. ह्येंचा समदा अभ्यास गव्हावर. लोक बुकं वाचून शिकत्यात, आमचे हे वाफ्यात बसून शिकत्यात. गव्हाची ओंबी हातात धरायची, तिच्यातले नराचे बारीक तुरे चिमट्यानं एक एक काढून टाकायचे, मग दुसऱ्या ओंबीतली भुकटी आनून तिच्यावर झटकायची आन वर कागदाची पिशवी घालून टाचनी लावायची. मागच्या हिवाळ्यात टाचन्या द्यायला मीच हुते. पोरगी तवा पोटात हुती. मी बांधावर बसून टाचन्या द्यायची, हे श्वास बी घ्यायचे न्हाईत, भुकटी उडंल म्हनून.

शेजारच्या काकूंना हे कळलं तवा लई हसल्या. "का गं, तुझा मालक गव्हाची लग्नं लावतो म्हनं? मंगळाष्टका तू म्हनतीस व्हय?"

म्या सांगितलं, आधी नराचं काढून टाकत्यात.

"बया! आन मग पिशवीत कोंडतो? बिचारी गव्हीन!"

मला बी हसू आलं. हे घरी आल्यावर त्येंना सांगितलं तर त्येंना राग आला न्हाई. म्हनाले, "काकूंना म्हनाव, अक्षता मोजून ठिवल्यात."

तर तांबेरा म्हनून गव्हाचा रोग असतो. पानाला, काडीला गेरू फासल्यावानी होतं. वाफ्यातनं चाललं की लुगड्याच्या काठाला तांबडी भुकटी लागती, झटकली तर जात न्हाई. ज्या झाडाला तांबेरा आला त्याचा दाना भरत न्हाई, किरटा राहतो. ह्येंनी मुद्दाम वाफ्यात तांबेरा आनला, कोन तग धरतं बघायला. समदा वाफा तांबडा झाला. आन मधीच एक ओळ हिरवी. त्या ओळीचा नंबर सत्तावीस. ह्येंनी मला हाताला धरून नेलं, आठवा म्हयना हुता मला, सावकाश सावकाश बांधावरनं नेलं आन म्हनाले, "बघ." मला काय कळनार? मला हिरवं दिसलं. पर ह्येंचं तोंड बघून मला बी आनंद झाला. एवढा मोटा बापय, ओळीपशी उकिडवा बसून लेकरावानी हसत हुता.

मग काढनी झाली. लहान ओळ ती, गहू किती निगनार? सत्तावीसची पिशवी भरली तेवढाच. टपोरा, नितळ, पिवळा. मुठीत धरला तर थंड लागायचा. पिशव्या कॉलेजातल्या कपाटात हुत्या, तिथं पोरकिडा लागाय लागला. तवा म्याच म्हनलं, घरी आना, आढ्याला बांधू, चुलीचा धूर लागला की किडा धरत न्हाई, माझ्या आईची रीत हाय. ह्येंनी सरांना इचारलं, सर व्हय म्हनाले. ह्येंनी पिशव्या चुलीपासनं लांब, पर धूर जाईल अशा बांधल्या. बांधताना मला बजावून सांगितलं, "ह्यातला एक दाना खायचा न्हाई. घरात काय नसलं तरी न्हाई. पोरीच्या हातात बी द्यायचा न्हाई."

म्या व्हय म्हनलं. आन खरं सांगते, म्या खाल्ला न्हाई. एक दाना न्हाई. पाऊस दगा देऊन गेला तवा न्हाई, वस्तीतल्या समद्या बाया खडी फोडाय जाय लागल्या तवा न्हाई, रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, आला आन त्याची भाकरी पोरीला गिळंना तवा बी न्हाई. मान वर करून पिशव्यांकडं बघितलं बी न्हाई.

मग वन्सं आल्या.

वन्सं म्हंजी ह्येंची धाकटी बहीन. शिंगनापुरात दिलीया. ह्येंना आईबाप न्हाईत, तवा तिला माहेर म्हनायचं तर आमची ही एक खोली. दिवाळीच्या आधी आली, नवऱ्याबरोबर, नगरच्या डागदरनीला दावायला. तिसरा सरून चौथा लागला हुता. ह्याच्या आधी दोनदा राह्यलं आन दोन्ही येळेला चौथ्या-पाचव्यात गेलं. बोलत नव्हती त्यावर. माझ्या पोरीला मांडीवर घिऊन बसायची आन तिची बोटं मोजायची. एक, दोन, तीन. परत पयल्यापासनं.

जायच्या दिवशी हे कॉलेजात गेल्ते, तिचा नवरा एसटी बघायला फाट्यावर गेल्ता. ती लुगडं नेसून तयार झाली, पिशवी भरली, आन दाराच्या चौकटीला हात लावून हुबी राह्यली. तिनं काय मागितलं न्हाई. पर मला कळलं. गरवारशी बाई माहेरातनं चाललीया आन ओटी कोरडी? आमच्याकडं पयल्या म्हयन्यांत चोरओटी भरत्यात. कुनाला सांगायचं न्हाई, बाप्यांना तर मुळीच न्हाई, दिष्ट लागती म्हनून. आई नसली की भावजयीनं भरायची. म्हंजी म्या.

"बसा वन्सं," म्हनलं. पाट मांडला. सुपारी हुती, हळदकुंकू हुतं, माझ्या लग्नातला एक खन पेटीत हुता. नारळ न्हाई तर न्हाई. पर गहू? डब्यात हात घातला, मिलो. काकूंच्या दारात पळत गेले.

"काकू, पाच मुठी गहू हाय का?"

"गहू? बाई, गव्हाचं तोंड बघून चार म्हयने झाले. मिलो ने की."

"ओटी भरायचीय."

"मिलोनं ओटी भरती व्हय कुनी? अमेरिकेच्या डुकरांचा दाना त्यो! तांदूळ बघ कुठं मिळतोय का."

तांदूळ कुठं मिळनार? एसटीची येळ झाली हुती. परत आले तर वन्सं पाटावर तशाच बसलेल्या, पदर पसरून. रिकामा पदर. आन माझी मान आपसूक वर गेली.

आता तुमी म्हनाल, बजावलं हुतं ना. बजावलं हुतं. खायचं न्हाई म्हनाले हुते. ओटीत घालायचं न्हाई असं कुनी म्हनलं हुतं? ओटी म्हंजी काय खानं न्हवं. ओटी देवाच्या नावानं असती. आन गहू ह्येंच्या वहीत समदा लिवलेला हुता, कुठल्या ओळीला किती ओंब्या, किती दाने, म्हंजी त्यो वहीत हायच, असं कायतरी मला वाटलं आसंल. काय वाटलं ते आता आठवत न्हाई. हात वर गेला हे आठवतं.

पयली पिशवी सोडली, किरटा. दुसरी, किरटा. ओटीत किरटा दाना चालत न्हाई, फुटका चालत न्हाई, जसा दाना तसं लेकरू म्हनत्यात. मग सत्तावीस सोडली. आन मला आठवलं, ही ती हिरवी ओळ. ज्या ओळीला रोग शिवला न्हाई ती. मला काय वाईट वाटलं न्हाई तवा, उलट बरं वाटलं. म्हनलं, हिलाच पायजे असला गहू.

पाच मुठी भरल्या. पिशवी रिकामी झाली. वन्संनी पदराची गाठ मारली, माझ्या पाया पडाय वाकली, म्या धरलं. जाताना मागं वळून बघितलं न्हाई, बघायचं नसतं.

ती गेल्यावर म्या बाजूच्या दोन पिशव्यांतला थोडा थोडा गहू घिऊन सत्तावीसमधी भरला, रिकामी लोंबू नये म्हनून. दोरी नीट बांधली. आन इसरून गेले. खरंच इसरून गेले. म्हयनाभर सुखानं झोपले.

तर आता परत त्या सकाळवर येते. हे सायकलवरनं गेले आन मी खाली बसले. परवा पेरनी. कॉलेजातल्या कपाटात काय सापडनार नव्हतं. दोन वरसं ह्येंनी वाफ्यात घातली. सत्तावीस न्हाई तर सर म्हननार, लिवलंस ते खरं कशावरनं? ही येवढी अक्कल मला हाय. ह्येंचं शिकनं माझ्या मुठीनं गेलं हुतं.

म्या करपलेली भाकरी काढली, चुलीवर पानी मारलं, पोरीला झोळीत टाकलं आन झोळी खांद्याला मारली. दुसऱ्या एका पिशवीतला मूठभर किरटा गहू रुमालात बांधून घेतला, बदली घालायला. काकूंना म्हनलं, "वन्संकडं जाऊन येते, सांजच्या आत येते, ह्येंना सांगा."

"अगं पर काय झालं? कोन गेलं का?"

"न्हाई न्हाई," म्हनत पळाले.

सोनईची गाडी मिळाली. शनवार हुता, गाडी शनीच्या लोकांनी भरलेली, तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा. एक म्हातारी म्हनली, "बस बाई माझ्याजवळ, लेकरू लहान हाय. तुमी बी देवालाच का?" म्या मान हालवली. खोटंच हालवली. ती लगेच सांगाय लागली, तिच्या गावातल्या एकानं शिंगनापुरातनं नुसता तांब्या उचलला आन वाट सापडंना, गावाभवती फिरत राह्यला. मी पोरीचं तोंड पदरानं झाकलं. ऐकू येऊ नये तिला असं वाटलं.

सोनईपासनं पायी. मानसांच्या घोळक्यातनं चालत हुते तरी दम लागला. पोरगी जड झालीय आता. डोक्यात एकच: जाऊन काय म्हनू? ओटी दिली ती परत द्या म्हनू? असं कुनी म्हनलेलं मी कवा ऐकलं न्हाई. माझ्या आईला सांगितलं तर ती मला दारात हुबं करनार न्हाई.

वन्संच्या घराला दार न्हाई, तिथं कुनाच्याच घराला नसतं. चौकट, आन तिच्यावर जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याशी वन्संची सासू मिश्री लावत बसली हुती. मला बघून बोट तोंडातनं काढलं.

"या! भावजयबाई! आन हात हालवत आल्या व्हय? आमाला वाटलं शिकलेल्या भावानं गव्हाची गोन धाडली आसंल."

"मावशी, घाईत आले. बघून जावं म्हनलं."

"बघ की. बघ, बघ. तुझी ओटी बाई लई गुनाची निगाली." तिचा आवाज एकदम बदलला. पदर पुढं घिऊन हळू म्हनली, "पाचवा चालू हाय आन टिकलंय. ऐकतीस का? टिकलंय. म्या ओटीला कुनाला हात लावू दिला न्हाई. देवापुढं ठिवलीय. नववा लागला की तिची खीर करून हिलाच घालीन, मग बाळतीन हू दे."

मी "व्हय" म्हनलं. दुसरं काय म्हननार?

वन्सं आतनं आल्या. अंगावर मास चढलं हुतं. म्हयन्यात बाई बदलली हुती. माझ्या पोरीला घेतलं आन हसली, दात दाखवून हसली, तशी तिला कवा बघितलीच नव्हती मी. "वैनी! सपनात तर न्हाई ना मी? बसा, च्या ठिवते. गूळ हाय थोडा." पोरीला कडेवर घिऊनच मागं चुलीकडं गेली. सासूची गाय दाव्याला गुरफटली, ती शिव्या देत भाईर गेली. आन घरात मी एकली.

देवळी समोरच. शनीचा फोटू, एक पनती, आन माझ्या लग्नातला खन. खनात बांधलेली गाठ. तिथं कडी न्हाई, कुलूप न्हाई, कोन बघत बी न्हाई. हात लांब केला की झालं. भाईर लोकांचा गलबला, कुनीतरी देवाचं नाव घेत चाललं हुतं.

म्या गाठ सोडली.

गहू तसाच हुता. कुंकू लागलेला, थंड. म्या मूठ भरली. एकच. रुमालातला किरटा गहू काढला, त्यात घालावा म्हनलं, आन हात पुढं जाईना. रोगट दाना, पाचव्या म्हयन्याच्या ओटीत. न्हाई जमलं. त्यो तसाच परत रुमालात. माझी एक मूठ ओटीत आन एक रुमालावर, अशी मी हुबी, आन मागं कप वाजला.

वन्सं. एका हातात च्या, कडेवर माझी पोरगी.

ती माझ्या हाताकडं बघत राह्यली. मी तिच्याकडं. मग लई हळू म्हनली, "दादाचा हाय का?"

म्या मान हालवली.

"आब्यासाचा?"

परत मान हालवली. माझ्या डोळ्यांतनं पानी आलं, पुसाय हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात भाईरनं सासू वरडली, "काय गं, गप का झाल्या दोघी?"

"वैनी देवाच्या पाया पडत्यात, आत्या!" वन्सं मोठ्यानं म्हनली. कप खाली ठिवला. आन माझ्याकडं पाठ केली. पोरीला घिऊन भिताडाकडं तोंड करून हुबी राह्यली. घे म्हनली न्हाई. ठिव म्हनली न्हाई. नुसती पाठ केली. तिची येनी हालत हुती, पोरगी ती ओढत हुती.

म्या मूठ भाईर काढली. माझ्या पदराच्या गाठीला बांधली. ओटीची गाठ परत मारली, चार मुठींची. कशी मारली मला ठावं न्हाई. च्या प्याले, गरम हुता का गार कळलं न्हाई. निगताना वन्सं पडद्यापातूर आली, माझ्या पोरीच्या गालाला हात लावला आन म्हनली, "दादाला सांगा, नीट कर म्हनाव." बास. माझ्या पाया पडली न्हाई ह्या येळेला. म्या बी मागं वळून बघितलं न्हाई.

घरी आले तवा ऊन उतरत हुतं. हे दारात बसलेले, हातात तीच पिशवी. कपाटात काय सापडलं नव्हतं. काकूंनी सांगितलं हुतं कुठं गेलीय ते. म्या झोळी खाली ठिवली, पदराची गाठ सोडली आन त्येंच्या पुढं गहू वतला. त्येंनी एक दाना उचलला, उजेडात धरला.

"सत्तावीस," म्हनाले.

मग त्येंना कुंकू दिसलं. दान्याला लागलेलं. बोटावर आलेलं. हे लई शिकलेले हायत, हे असलं काय मानत न्हाईत. शनीला तेल वाहनाऱ्यांना हसत्यात. मला वाटलं हसतील, न्हाईतर मारतील. कायच केलं न्हाई. बोटावरचं कुंकू बघत बसले.

"ओटी?" म्हनाले.

"व्हय."

"तिची?"

"व्हय."

पोरगी रांगत आली आन गव्हात हात घालाय लागली, ह्येंनी तिचा हात धरला, हळूच धरला. मग मला इचारलं, "तिनं दिला का तू घेतलास?"

मला सांगता आलं न्हाई. अजून बी येत न्हाई. म्या मूठ भरली हुती तवा तिनं बघितलं नव्हतं. म्या मूठ काढली तवा तिनं पाठ केली हुती. हे देनं का घेनं? तुमी शहान्या आसाल तर सांगा.

हे उठले. म्हनाले, "परत नेऊन दे." चार पावलं गेले. परत आले, बसले. ते दाने एक एक करून पिशवीत भरले. दोरी बांधली. परवा दिवशी पेरलं. सर आले, बघून गेले, खूश झाले म्हनं.

हे समदं झाल्याला चार म्हयने झाले.

आता गहू ओंबीवर हाय. हिरीला पानी न्हाई, कॉलेजानं ह्येंच्या वाफ्यापुरतं कसंबसं दिलं. तांबेरा आलाय, आजूबाजूचं समदं गेरू फासल्यावानी. आन सत्तावीस हिरवी. आखूड ओळ हाय ह्या येळेला, मूठभर बीच हुतं. पर हिरवीगार. हे रोज जात्यात, एका एका ओंबीला दोरा बांधलाय, दोऱ्याला चिठ्ठी. हसत न्हाईत आता तिच्यापशी. बहिनीकडं बी गेले न्हाईत. "पेपर लिवायचाय," म्हनत्यात.

मला ती ओळ हिरवी बघून भ्या वाटतं. लोकांना बरं वाटंल. मला वाटतं, हितं येवढं चांगलं चाललंय म्हंजी तिकडं काय चाललं आसंल?

परवा वन्संच्या नवऱ्याचं कार्ड आलं. म्या एक एक अक्षर लावून वाचलं. नववा लागलाय. पायाला सूज हाय. तोंड बी सुजलंय. डागदरीन म्हनती नगरला आनून ठिवा, मोकळी होईपातूर. मावशी, तिची सासू, म्हनती आधी ओटीची खीर होऊ दे मग न्या. सोमवारी करनार हायत.

सोमवारी मावशी गाठ सोडनार. चार मुठी निगनार. ती मोजनार, तिनंच तर टिकवलीय ती ओटी. आन वन्सं काय म्हनंल? आन न्हाईच कळलं तरी? खीर तर चार मुठींचीच होनार. वन्संला ठाव हाय. ती खातानी मोजंल.

काल मी डबा द्यायला वाफ्यावर गेले. हे कॉलेजात गेल्ते. मी सत्तावीसपशी बसले. ओंब्या भरल्यात, दाना अजून ओला हाय, पर बोटानं दाबला तर टपोरा लागतो. एक मूठ व्हायला किती ओंब्या लागतील त्या म्या बघत बसले. कंबरेला ईळा हुता. चुलीवर सुकवून सोमवारच्या आत नेऊन त्या गाठीत घालता आलं तर पाच मुठी होत्यात. पर दोरे मोजलेले हायत, चिठ्ठ्या लावलेल्या हायत. एक ओंबी गेली तरी ह्येंना कळतं. आन ह्या येळेला मीच गाढव असं हे म्हननार न्हाईत.

ईळा न काढता घरी आले. आज परत जायचंय डबा घिऊन. सोमवारला तीन दिस हायत. पोरगी झोपलीय म्हनून हे लिवते.

बायांनो, तुमी त्या देवळीपशी माझ्या जागी हुब्या असता, एका बाजूला तिचं लेकरू आन एका बाजूला ह्येंची दोन वरसं, तर मूठ भरली असती का? आन आज त्या ओळीपशी असता, कंबरेला ईळा, तर तुमी काय केलं असतं?